गावंडेभाऊंची नजर

गावंडेभाऊंचे डोळे गेले नव्हते.

अकोल्यातल्या जठारपेठेत आजही जुन्या माणसांना विचारलं तर ती सांगतील की फोटोवाले गावंडे म्हणजे काय माणूस होता, पण पन्नाशीतच बिचाऱ्याची नजर गेली आणि त्यानं कॅमेरा खाली ठेवला. भाऊंच्या मुलीलाही तेच ठाऊक आहे. खुद्द भाऊही तेच मानून गेले. तसं झालेलं नव्हतं, हे माहीत असलेला माणूस एकच, आणि तो मी. बायकोला मी हे सांगितलेलं नाही. देवासमोर उभा राहिलो तेव्हाही हा विषय टाळून दुसरंच काहीतरी मागितलं. या गोष्टीला वीस वर्षं होत आली. लिहायला घेतलं ते धीर आला म्हणून नव्हे. तोंडानं सांगायची वेळ येईल तेव्हा निदान शब्द तरी जुळवलेले असावेत, एवढ्यासाठी.

त्यांचं नाव मोतीराम गावंडे. बाळापूरकडच्या शेतकरी घरातले. शाळा चौथीपर्यंत. पुढे नागपुरात एका फोटोवाल्याकडे सहा वर्षं राबले आणि अकोल्याला येऊन दोन खोल्यांत स्टुडिओ थाटला. मी तेव्हा एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास शाळा सोडून मी त्यांचा भागीदार झालो. फोटो ते काढायचे. मी डार्करूममध्ये बसून फिल्म धुवायची, प्रिंट काढायच्या, ब्रशनं चेहऱ्यांवर हात फिरवायचा. शाळा सुटली तरी त्यांनी मला शेवटपर्यंत 'मास्तर'च म्हटलं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण कधी अरेतुरे केलं नाही.

उंच, वाळका माणूस. धोतर, काळा कोट, पांढरी टोपी. चालायचे असे की बरोबरच्याला पळावं लागे. फोटो काढताना लोक एक डोळा मिटतात, त्याचा त्यांना राग होता. "एक डोया मिटून पाह्यलं का अर्धाच मानूस दिसते," म्हणायचे. स्टुडिओत तळं आणि राजहंस रंगवलेला पडदा होता, तो मीच रंगवलेला. त्याच्यासमोर कोणाला बसवायची वेळ आली की ते नाक मुरडायचे. "मास्तर, हा पक्षी या बुढ्याच्या डोक्यावर बसून राह्यला न् बाप्पा." खरं तर त्यांना स्टुडिओच आवडत नसे. माणूस आपल्या घरी, आपल्या उंबऱ्यावर असेल तेव्हाच त्याचा फोटो काढावा, असं त्यांचं मत होतं, आणि त्यासाठी दहा-दहा मैल सायकल हाणत जायची त्यांची तयारी असे.

त्यांची खरी दौलत म्हणजे अंतराचा अंदाज. समोरचं माणूस किती फुटांवर आहे हे ते नुसत्या नजरेनं सांगत. आमच्या शेजारी एका मारवाडी शेठचं कापडाचं दुकान होतं. त्याच्या गल्ल्यावर टेप असे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो हाक मारी.

"गावंडेजी, इथून त्या विजेच्या खांबापर्यंत?"

भाऊ मान वर करायचे, एकदाच बघायचे. "अठ्ठावीस फूट. वर चार बोटं."

शेठ पोराला खांबाकडे पिटाळून टेप लावी. अठ्ठावीस फूट पाच इंच.

"एक बोट जास्त भरलं, गावंडेजी!"

"टेप ढिली धरली तुमच्या पोट्ट्यानं. गिलावडे मांगवा."

आणि शेठ ते दह्यातले वडे मागवायचाच. हरण्यात त्याला मजा वाटायची.

या अंदाजावर त्यांची कामाची सगळी पद्धत उभी होती. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवायचा, माणसाकडे एकदा पाहायचं, लेन्सवरच्या आकड्यांवर तेवढे फूट लावायचे, चौकट कुठपर्यंत येते ते एकदा बघून घ्यायचं, आणि मग कॅमेऱ्यापासून बाजूला होऊन उभं राहायचं. हातात केबलचं बटण. त्यानंतर ते डबीत पुन्हा डोकं घालत नसत. समोरच्या माणसाशी पीकपाण्याच्या, लेकीबाळींच्या गोष्टी करत राहायचे, आणि त्यातच कधीतरी बटण दाबलं जायचं. लोक विचारायचे, "काढा ना आता फोटू." भाऊ म्हणायचे, "झाला ना जी. केव्हाचाच झाला."

एकदा बाळापूरचा एक बाप मुलीला घेऊन आला. सोयरिकीसाठी फोटो हवा होता. मुलीच्या गालावर देवीचे वण होते. बापानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तेवढं साफ करजा." मी ब्रशनं वण काढून टाकले, गाल मेणासारखा गुळगुळीत केला. बाप खूश होऊन गेला. आठ दिवसांनी भाऊंनी माझ्याकडून त्याच निगेटिव्हची, ब्रश न लावलेली एक प्रिंट काढून घेतली आणि बाळापूरला जाऊन त्या मुलीच्या हातात दिली. मी विचारलं, "बापानं पाहिली तर?"

"पाहू द्या. तो फोटू त्याइचा होता. हा तिचा हाये."

मला तेव्हा राग आला होता. माझ्या ब्रशचा तो अपमान वाटला. हे इथं सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्यात या रागाचाही वाटा असावा.

भाऊंचं नाव झालं ते मात्र वाटणीच्या फोटोंनी. एकत्र घरं फुटायला लागली होती. ज्या घरात वाटणी ठरली, तिथं चुली वेगळ्या व्हायच्या आदल्या दिवशी सगळ्या कुटुंबाचा शेवटचा एकत्र फोटो काढायचा, अशी एक चाल आमच्या भागात त्या दहा-बारा वर्षांत पडली. कोणी पाडली ते कोणी सांगत नाही, पण माझ्या मते भाऊंनीच. घर फुटायची बातमी लागली की ते स्वतःच जाऊन ओसरीवर बसायचे. त्यांचे नियम होते. उभं राहायचं ते जन्माच्या क्रमानं, हिश्शाच्या नाही. हातात काठी, घड्याळ, कागद काही नको. घरचा कुत्रा असला तर तोही पाहिजे.

एका गावी दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. काही केल्या वळेनात. गावंडेभाऊंनी घाई केली नाही. तीनदा चहा घेतला. गोठ्यात जाऊन बैलाचा खूर पाहिला. मग सहज थोरल्याला विचारलं, "शायेत जाताना याले कोन नेत होतं?"

"मीच. मधात नाला लागे."

"हात धरून?"

"पाठीवर. हा भेत होता ना पान्याले."

"कोन भेत होतं?" धाकटा तिकडे तोंड करून गुरकावला. "तूच भेत होता."

"बरं बरं. आता याचा खांदा दिसून नाई राह्यला मले. जराकसा सरक त्याच्याकडे."

थोरला सरकला. धाकटा भांडायला वळला होता, तो तसाच राहिला. तेवढ्यात फोटो झाला होता. दोघांचीही मुलं आज वेगळ्या घरांत राहतात आणि दोन्ही घरांत तो फोटो आहे. मी पाहिला आहे.

आता लेन्सचं सांगतो.

पासष्टच्या आसपास मुंबईचा एक मालवाला आमच्याकडे येऊ लागला. बाहेरून येणाऱ्या लोकांकडून वस्तू घ्यायच्या आणि गावोगावच्या स्टुडिओंना दाखवायच्या, हा त्याचा धंदा. त्यानं एक छोटा जपानी कॅमेरा आणला आणि त्याच्यावर बसणाऱ्या दोन झूम लेन्स. असली वस्तू आम्ही मासिकांतच पाहिली होती. कडं फिरवलं की जागच्या जागी माणूस जवळ येतो किंवा दूर जातो. कॅमेरा आणि दोन्हींतली एक लेन्स ठेवा, म्हणाला. पंधरा दिवस दोन्ही वापरून बघा. पटली तर तुमचा जुना, वर-खाली दोन भिंगांचा, दोन डोळ्यांचा कॅमेरा मला बदल्यात द्या.

एक लेन्स आखूड होती. जाड, वजनदार. तिचं कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी फरक दोन-चार पावलांचा. पण उजेड भरपूर घ्यायची. दुसरी लांब, हातात हलकी. ओसरीत उभं राहून वेशीवरचा माणूस टिपावा अशी. उजेड मात्र कमी घ्यायची.

भाऊंनी दोन्ही तळहातावर तोलून पाहिल्या.

"हे कायले पाह्यजे, मास्तर?"

"हे कडं फिरवलं की माणूस आपोआप जवळ येतो, भाऊ. आपण जागचं हलायचं नाही."

"मंग त्या मानसाले कसं समजन का आपन त्याच्याकडे आलो म्हून?"

मी हसलो. त्यांनी थट्टा केली नव्हती.

पंधरा दिवस आमचा वाद चालला. माझं म्हणणं, आपण आता फिरतीवर जास्त असतो. लग्नं, जत्रा, गावोगावची बोलावणी. रोज मणभर सामान वाहण्यापेक्षा एक हलकी लेन्स घ्यावी जी सगळं करील. भाऊंना काही घ्यायचंच असेल तर आखूड हवी होती. "लोकं घरात रायतात मास्तर, आन घरात अंधार रायते. वेशीवरच्या मानसाचा फोटू आपल्याले कोन सांगते? अन् चार पावलं तं मी चालतो ना." त्यांचं बरोबर होतं. आज कोणी मला विचारलं की प्रवासाला आणि रोजच्या कामाला कोणती घेऊ, तर मी त्याला भाऊंचंच सांगतो.

पण मला ती लांब लेन्स हवी होती. का, ते आता लपवत नाही. दहा वर्षं मी अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्याचे फोटो धूत होतो. अमरावतीच्या एका स्टुडिओनं नवा कॅमेरा घेतला होता आणि तिथला माझ्या वयाचा फोटोवाला गळ्यात तो अडकवून राजकमल चौकातून हिंडायचा. मला तसं हिंडायचं होतं.

लेन्सच्या डब्यात इंग्रजीतलं माहितीपत्रक होतं. ते मी वाचलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की या लेन्सचं कडं फिरवल्यावर फोकस सरकतो, तेव्हा दर वेळी कडं फिरवून झाल्यावर फोकस पुन्हा लावून घ्यावा. आखूड लेन्सला तो दोष नव्हता. मी खात्रीही करून घेतली. टेबलावर फूटपट्टी कॅमेऱ्यापासून लांब जाईल अशी ठेवली, पाचाच्या आकड्यावर फोकस लावला, कडं फिरवलं. पाच धुरकट झाला आणि मागचा आठ लख्ख दिसायला लागला.

भाऊंना हे कळलं असतं तर लेन्स त्याच दिवशी परत गेली असती. आधी फूट लावून बाजूला होणाऱ्या माणसाला ही लेन्स चालणारच नव्हती. मी ते पत्रक प्रिंटच्या कागदांच्या रिकाम्या खोक्यात, तळाशी घातलं. आणि भाऊंना शिकवलं, "तुमचे फूट लावा, मग लागेल तसं कडं फिरवा. बाकी काही करायचं नाही."

बाकी काही करायचं नाही. हे माझे शब्द.

पंधराव्या दिवशी भाऊ म्हणाले, "तुमी इंग्रजी वाचता, मास्तर. तुमाले त्यातलं समजते. लंबा म्हनता तं लंबा घेऊ." मालवाला येऊन आखूड लेन्स आणि आमचा दोन डोळ्यांचा कॅमेरा घेऊन गेला. आता उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्या लग्नसराई लागली. लग्नात भाऊ कडं फिरवतच नसत, एका टोकाला ठेवून देत आणि आपल्या पायांनी पुढेमागे होत. फोटो चांगले येत राहिले. सांगायची गरज काय, असं मला वाटायला लागलं.

नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे ढोल्यांचं घर होतं. चार भाऊ, आणि नव्वदीला टेकलेली आई, सुभद्राबाई. विहिरीच्या पाण्यावरून सहा वर्षं भाऊभाऊ बोलत नव्हते. अखेर वाटणी ठरली. म्हातारीनं एकच मागितलं होतं, चौघांसोबत एक फोटो. गावंडेभाऊ त्यासाठी वर्षभर त्या गावी खेपा घालत होते. कधी थोरला तयार होई, तर धाकटा शेतात निघून जाई. शेवटी एका सकाळी चौघंही अंगणात आले. पुन्हा येणार नाही, हे प्रत्येकानं स्वतंत्रपणे सांगूनच.

म्हातारीला खुर्चीत बसवलं. मागं मोठा कडुनिंब. मी उजेड परतवायला पांढरी चादर धरून बाजूला उभा. भाऊंनी पाहिलं, "एकोनीस" असं पुटपुटले, आकडा लावला आणि बाजूला झाले.

"बाई, चारीत सगळ्यात वांड कोनतं होतं जी?"

"हा," म्हातारीनं धाकट्याकडे बोट केलं. "नऊ मह्यने होऊनबी बाह्यर येत नव्हता."

"आताबी विहिरीच्या बाह्यर नाई येत," थोरला म्हणाला. सहा वर्षांत त्यानं धाकट्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द असावा. मधले दोघं हसले. धाकटाही हसला, आणि हसू लपवायला त्यानं मान खाली घातली. तेव्हा म्हातारीनं दोन्ही हात पसरले. एका हातानं थोरल्याचं बोट धरलं, दुसऱ्या हातानं धाकट्याचं.

गावंडेभाऊ नेहमीसारखे पुढे चालत गेले असते तर ते सगळं मोडलं असतं. त्यांनाही ते कळलं. ते जागचे हलले नाहीत. नुसता हात लांब केला, कडं पूर्ण फिरवलं, चौकटीत एकदा बघितलं न बघितलं केलं, आणि पुन्हा बाजूला झाले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कामाचा हाये हं मास्तर, तुमचा लंबा."

त्यांनी माझ्या कशाचं तरी केलेलं हे पहिलं कौतुक.

त्या क्षणी मला सगळं कळत होतं. 'भाऊ, फोकस' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. तोंड उघडलंही होतं. पण मग ते विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक? आणि तेव्हापासून का नाही सांगितलं? चार ढोल्यांसमोर, म्हातारीसमोर. मी चादर धरून उभा राहिलो. भाऊंनी तीनदा बटण दाबलं. म्हातारीनं हात सोडले. चौघं भाऊ चारी दिशांना निघून गेले.

संध्याकाळी अकोल्याला येऊन मी फिल्म धुतली. भाऊ दाराबाहेर बसले होते. दर पाच मिनिटांनी हाक. "आली काय म्हातारी?" फिल्म बाहेर काढून लाल दिव्याजवळ धरली. कडुनिंबाच्या सालीतली भेग न् भेग उमटली होती. एक मुंगळा चढत होता, तोसुद्धा. आणि त्याच्यापुढे पाच धुराचे लोट. तिन्ही फोटोंत तेच.

मी फिल्म बाहेर आणली. भाऊंनी ती खिडकीसमोर धरली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"झाड चांगलं आलं," म्हणाले.

मग फिल्म खाली करून, "एकोनीसच म्हनलो होतो ना मी?"

"हो."

"पंचवीसची नजर लागली. सहा फुटाचा फरक पडला, मास्तर. सहा फुटाचा."

त्यांनी लेन्सचं नावही काढलं नाही. त्यांच्या मनात तो संशय येणं शक्यच नव्हतं, कारण ती मी निवडलेली होती. पुढे त्यांनी आपण होऊन मला एक गोष्ट सांगितली. वर्षभरापासून स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर त्यांना जवळचं धूसर दिसत होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील पन्नाशीत आंधळे झाले होते आणि शेवटची आठ वर्षं बाजेवर बसून होते. "मले वाटतच होतं," म्हणाले.

जवळचं धूसर दिसणं म्हणजे चाळिशी. ती मलाही आता लागली आहे, सगळ्यांना लागते. डॉक्टरनंही तेच सांगितलं, वाचायला चष्मा दिला. दूरची नजर चांगली आहे, असंही तो म्हणाला असणार. पण भाऊंना त्यातलं 'वय झालं' एवढंच ऐकू आलं. चष्मा खिशात घालून परत आले. "दुसऱ्याच्या काचातून पाहून मी लोकाइचे फोटू काढू काय?"

ढोल्यांकडे ते एकटेच गेले. चौघं पुन्हा उभे राहायला कबूल झाले नाहीत. पंधरवड्याच्या आत म्हातारी वारली. धाकटा स्टुडिओत आला होता. त्यानं निगेटिव्ह मागितली, उलटसुलट करून पाहिली. "मह्यावाला हात तिनं धरला होता. दिसते काय जी यात?"

"नाई दिसत बाप्पू," भाऊ म्हणाले. "मह्या डोयानं घात केला."

मी आत होतो. पडद्यामागं.

महिन्याभरानं भाऊंनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "आता तुमी, मास्तर." मी म्हटलं, असं कसं, अहो भाऊ, दोन दिवस विश्रांती घ्या, दुसरा डॉक्टर पाहू, अमरावतीला दाखवू. जे म्हणायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं म्हटलं. आणि तेव्हाच आत कुठंतरी मला बरं वाटलं. बरं वाटलं हे खरं आहे. त्या रविवारी मी कॅमेरा गळ्यात अडकवून गावातून फेरी मारली.

ती लेन्स मी पुढं अकरा वर्षं वापरली. कडं फिरवायचं, मग फोकस पुन्हा लावायचा. काही अवघड नाही. दोन दिवसांत हाताला सवय होते. भाऊंच्या हाताला एका दुपारी झाली असती. पण दर वेळी कडं फिरवल्यावर जो एक क्षण समोरचा माणूस धुरकट व्हायचा, त्या क्षणी मला अंगण दिसायचं. नवरा-नवरी, मुंज झालेला मुलगा, पुढारी, कोणीही समोर असो. ढोल्यांची निगेटिव्ह माझ्याजवळच आहे. चार-पाच वर्षांनी एखादी प्रिंट काढतो. म्हातारीच्या तोंडाच्या जागी जे पांढरं आहे त्यात काही उमटतं का, ते पाहतो. मग फाडून टाकतो.

भाऊ मुलीकडे, शांताबाईंकडे, अमरावतीला अंबापेठेत राहायला गेले. मी तीनदा भेटायला गेलो. दर वेळी रेल्वेत बसताना, आज सांगायचंच, असं ठरवून. पहिल्या खेपेला ते रस्ता ओलांडायला शांताबाईंचा हात धरू लागले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझे नवे फोटो पाहायला मागितले, मी नेलेले नव्हते. तिसऱ्या खेपेला ते अंगणात बसून होते. समोरच्या घराच्या गच्चीवर एक बाई मिरच्या वाळत घालत होती, तिकडे पाहत होते. मिरच्या मोजत असावेत इतकं टक लावून. आणि मी विचारलं, काय पाहता, तेव्हा म्हणाले, "काई नाई. मले काय दिसते आता."

शेवटचं पाहिलं ते बडनेऱ्याला. हिवाळ्यातली सकाळ, स्वच्छ ऊन. मी अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होतो. समोरच्या फलाटावर शांताबाई कोणाला तरी पोचवायला आल्या होत्या, सोबत भाऊ. शांताबाईंनी त्यांचा हात धरला होता आणि ते जमिनीवर भरवसा नसल्यासारखी लहान लहान पावलं टाकत होते. मधून मालगाडी गेली. ती सरकली तेव्हा भाऊ थांबून माझ्याकडे बघत होते. थेट माझ्याकडे, दोन्ही डोळे उघडे. मधे तीन रूळ होते. मी हात वर केला नाही. चहाच्या गाड्याआड सरकलो. थोड्या वेळानं डोकावलो तर ते मान खाली घालून जिना चढत होते.

त्या उन्हाळ्यात ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा शांताबाईंनी रडत रडत बरंच काही सांगितलं. त्यात हेही सांगितलं. "बडनेऱ्याले बाबा म्हने, तथी मास्तरासारखं कोनी उभं हाये. मी म्हनलं, जाऊ काय पाहाले? तं म्हने, राहू दे, मह्या डोयाचा काय भरवसा." मग पदरानं डोळे पुसले आणि त्यांनी मला कोपऱ्यातलं शिवणयंत्र दाखवलं. वर चादर टाकून बांधून ठेवलेलं. त्या ब्लाऊज शिवायच्या, आख्ख्या अंबापेठेत त्यांचा हात चांगला म्हणून प्रसिद्ध होता. सुई ओवताना धागा धूसर दिसायला लागला, म्हणून त्यांनी ते बंद केलं होतं. "आमच्या घरान्यातच हाये ते, काकाजी. आजा, बाबा, आता मी. जेवढी हाये तेवढी नजर जपून वापराव म्हनते."

मी चहा घेतला आणि परत आलो.

शांताबाई अजून तिथंच राहतात. त्यांच्या वडिलांची नजर मरेपर्यंत चांगली होती, चूक लेन्सची होती आणि त्याहून जास्त माझी होती, हे त्यांच्या दारी जाऊन, त्यांच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी अजून लागतो.